मीठ, कोळसा आणि वृक्षकर : हिरव्या कराच्या अंदाजाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण आकडे सोपे आहेत आणि पैसे आपलेच आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा घरपट्टीचं बिल हातात आलं. मीरा रोडला राहायला आल्यापासून दरवर्षी भरतोय, पण या वेळी शेजारच्या मुलाने बिलावर बोट ठेवून विचारलं, "काका, हा वृक्षकर म्हणजे काय? झाडं जास्त लावली की हा जास्त येतो का कमी?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. हयात हिशेबात गेली, पण हा प्रश्न कधी डोक्यात आलाच नव्हता. कारण खरं उत्तर असं आहे की झाडांचा आणि त्या रकमेचा काही संबंधच नाही. इमारती वाढल्या की वृक्षकर वाढतो.

तिथून जो धागा ओढायला लागलो तो भाईंदरच्या मिठागरांपर्यंत गेला, कोळशाच्या खाणीपर्यंत गेला आणि माझ्या जुन्या स्कूटरपर्यंतही आला. प्रश्न एकच होता. मंदीतून देश किंवा शहर सावरत असतं, तेव्हा पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या करातून किती पैसे येतील याचा अंदाज सरकार कसा बांधतं? आणि तो अंदाज खरा ठरला, तर आनंद मानायचा की काळजी करायची?

सुरुवात मिठापासून करू. लोकलने भाईंदरला उतरणाऱ्याला मिठागरं नवीन नाहीत. निसर्गातून मिळणाऱ्या वस्तूवर कर बसवून तिजोरी भरायची युक्ती आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली गेली ती याच वस्तूवर. इंग्रजांना मिठाचा कर का आवडायचा? कारण त्याचा अंदाज कधी फारसा चुकत नाही. माणूस गरीब असो, श्रीमंत असो, मंदी असो, तेजी असो, मीठ खाणारच. डोकी मोजा, दराने गुणा, झाला अंदाजपत्रकातला आकडा.

आणि म्हणूनच खड्डा पडला की हात आधी मिठाकडे जायचा. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारचं अंदाजपत्रक तुटीत होतं. १९२३ मध्ये अर्थमंत्री बेसिल ब्लॅकेट यांनी मिठाचा कर मणाला सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये करायचा प्रस्ताव आणला. कायदेमंडळाने तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खास अधिकार वापरून तो लागू केला. ओरड इतकी झाली की पुढच्याच वर्षी दर पुन्हा सव्वा रुपयावर आला. जागतिक मंदीत तेच झालं. सप्टेंबर १९३१ मध्ये जॉर्ज शूस्टर यांनी आणीबाणीचं अंदाजपत्रक मांडलं, त्यात करांवर पंचवीस टक्के अधिभार आला, मीठही सुटलं नाही. सव्वा रुपयाचे एक रुपया नऊ आणे झाले. लक्षात घ्या, त्याच्या आदल्याच वर्षी दांडी झाली होती, शिरोडा झालं होतं. तरीही. हा कर गेला तो १ एप्रिल १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर.

मिठाचा कर हा पर्यावरण कर नव्हता, हे मलाही कळतं. तरी तो आधी सांगितला, कारण त्याने सरकारी खजिन्याला एक सवय लावली. तूट आली की जी वस्तू लोक सोडूच शकत नाहीत तिच्यावर दर वाढवायचा. असा कर अंदाजाला सोपा.

पर्यावरण कर मुळात याच्या बरोबर उलटा. कोळशावर कर का लावायचा? कोळसा कमी जळावा म्हणून. जुन्या गाडीवर का? ती रस्त्यावरून जावी म्हणून. म्हणजे कर यशस्वी झाला तर उत्पन्न घटलं पाहिजे. उत्पन्न दरवर्षी वाढत असेल तर एकतर लोकांनी सवय सोडलेली नाही, नाहीतर सरकारने दर वाढवलाय. अंदाज बांधणाऱ्याची पंचाईत इथेच होते. त्याला सांगितलेलं असतं की अर्थव्यवस्था सावरतेय, सगळे कर वाढणार, याचाही आकडा वाढवून धर. तो धरतो. मग तो आकडा गाठायची जबाबदारी कुणावर? पुन्हा दरावर.

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा. वृक्ष प्राधिकरण, वृक्षनिधी, वृक्षकर हे सगळं त्यातून आलं. हेतू उत्तम. पण कर कशावर? मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची. जनगणना बघा. १९९१ मध्ये लोकसंख्या पावणेदोन लाख, २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास, २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार. वीस वर्षांत साडेचार पटीहून जास्त. शेतं, मोकळ्या जागा, खाडीकाठ यांच्या जागी इमारती आल्या. म्हणजे ज्या काळात हिरवळ आटत होती, नेमक्या त्याच काळात वृक्षकर भरणारी घरं वाढत होती.

करोनानंतरचंच घ्या. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के केलं, मग मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के ठेवलं. घरांची विक्री उसळली. आपल्यासारख्या घरं बांधून विकण्यावरच वाढलेल्या शहरात असल्या उसळीनंतर नवी घरं कराच्या यादीत येतात, आणि त्यांच्यामागून वृक्षकरही चढतो. महापालिकेत बसलेला माणूस हा अंदाज अचूक बांधू शकतो. झाडांबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

आता २०१० कडे चला. हे वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. २००८ च्या जागतिक मंदीत केंद्राने उत्पादन शुल्क कमी करत करत आठ टक्क्यांवर आणलं होतं. २६ फेब्रुवारी २०१० ला प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्प मांडला तो सावरण्याच्या काळातला. सवलती मागे घ्यायला सुरुवात झाली, उत्पादन शुल्क पुन्हा दहा टक्के झालं, पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया वाढला. आणि त्याच भाषणात कोळशावर 'स्वच्छ ऊर्जा उपकर' आला, टनाला ५० रुपये, अंमल १ जुलैपासून. पैसे स्वच्छ ऊर्जेच्या खास निधीत जाणार होते.

त्याच वर्षी महाराष्ट्राने जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आणला. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की, मालवाहू-प्रवासी गाडीला आठ वर्षं झाली की. आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून मीरा-भाईंदरमध्ये एलबीटी सुरू झाला, राज्यात पहिल्यांदा ज्या मोजक्या महापालिकांत तो आला त्यात आपण होतो. एलबीटी पर्यावरणाचा नव्हे, पण तो पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

कोळशाच्या उपकराचे आकडे आता नीट बघा, कोटींत. २०१०-११ मध्ये नऊ महिन्यांचे १,०६६. मग २,५८०, मग ३,०५३, मग २०१३-१४ मध्ये ३,४७२. त्यानंतर दर वाढत गेला. २०१४ मध्ये टनाला १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. जमाही वाढली. २०१४-१५ मध्ये ५,३९३, पुढच्या वर्षी १२,६७६, २०१६-१७ ला २८,५००, २०१७-१८ ला २९,७००. एकूण ८६,४४० कोटी.

काय दिमाखदार चढ आहे! पण एक साधा भागाकार करा. २०१३-१४ चे ३,४७२ कोटी भागिले ५० रुपये, म्हणजे साधारण ६९ कोटी टन. २०१६-१७ चे २८,५०० कोटी भागिले ४०० रुपये, म्हणजे ७१ कोटी टन. दर आठपट, उत्पन्न आठपट आणि किंचित वर, कोळसा जवळपास तेवढाच. सगळी वाढ दराची.

आता आणखी एक गंमत. वरचे शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. २८,५०० आणि २९,७००. बाकीचे आकडे वेडेवाकडे आणि हे दोनच इतके गोल का? कारण ते प्रत्यक्ष जमा नाहीत. पहिला सुधारित अंदाज, दुसरा अर्थसंकल्पीय अंदाज. आणि हा उपकर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्याबरोबर बंद झाला! म्हणजे ज्या वर्षी तो जेमतेम तीन महिने जगला, त्या वर्षाचा बारा महिन्यांचा अंदाज बेरजेत धरलेला आहे. वर्षवार तक्त्याची बेरीज करून बघितली, पैशाला पैसा जुळावा तशी ८६,४४० शी जुळते. 'एवढे कोटी गोळा झाले' म्हणून सरकारी तक्त्यांतून पुढे सगळीकडे फिरत आलेला आकडा अर्ध्याहून जास्त अंदाजाने बनलेला आहे. हिशेबाच्या माणसाला हे बघून झोप येत नाही.

त्या ८६,४४० पैकी स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले २९,६४५ कोटी, आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष दिले गेले १५,९११ कोटी. शंभरातले अठरा.

२०१७ मध्ये दुसरंही काही झालं. १९७७ पासून पाणी वापरणाऱ्या उद्योगांवर आणि स्थानिक संस्थांवर असलेला पाणी उपकर जीएसटीच्या वेळीच गुंडाळला गेला. कोळशावरचे ४०० रुपये मात्र गेले नाहीत, फक्त नाव बदललं. ते झाले जीएसटी भरपाई उपकर. म्हणजे हवा स्वच्छ करायचा पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरायला वळला. ती तूट मोजायची कशी? २०१५-१६ पायाभूत धरून दरवर्षी चौदा टक्के वाढ. बघा, अंदाज थेट कायद्यातच लिहून टाकला! आणि राज्याने आपल्यासारख्या महापालिकांना एलबीटी-जकातीच्या बदल्यात जे अनुदान कबूल केलं, त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ. आपल्या शहराचा स्वतःचा कर गेला आणि त्याच्या जागी वरून येणारी कायद्यातली टक्केवारी आली.

मग २०२० आलं. चौदा टक्के कुठले, उलटे पाय पडले. राज्यांना भरपाई द्यायला केंद्राने २०२०-२१ मध्ये १ लाख १० हजार कोटी आणि पुढच्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटी कर्ज काढलं, आणि ते फेडायला उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली. २०१० मध्ये सौरऊर्जेसाठी म्हणून जन्मलेला पैसा दहा वर्षांनी करोनाच्या कर्जाचा हप्ता झाला. कर्ज फेडणं चूक नाही. पण ज्या करावर कर्जाचा हप्ता टांगलाय, तो कर कमी व्हावा असं कुठल्या अर्थखात्याला वाटेल? कोळसा कमी जळला तर हप्ता कोण भरणार?

पेट्रोल-डिझेलचं तर विचारूच नका. मार्च २०२० मध्ये तीन रुपये, मे २०२० मध्ये पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढलं. रस्ते ओस होते, लोकल बंद होती, काशिमीऱ्याच्या नाक्यावर कुत्रं दिसत नव्हतं. त्या वर्षी देशातला पेट्रोलियम पदार्थांचा खप २१४ दशलक्ष टनांवरून १९४ वर आला, म्हणजे नऊ टक्के घट. आणि केंद्राचं पेट्रोलियमवरचं उत्पादन शुल्क? २ लाख २३ हजार कोटींवरून ३ लाख ७३ हजार कोटी. दोनतृतीयांश वाढ! अर्थसंकल्पात वर्षाच्या सुरुवातीला एकूण उत्पादन शुल्काचा अंदाज होता २ लाख ६७ हजार कोटींचा, सुधारित अंदाज गेला ३ लाख ६१ हजारांवर. अर्थव्यवस्था आडवी, खप खाली, आणि अंदाजापेक्षा उत्पन्न वर. १९३१ आठवलं की नाही?

पुढे २०२२-२३ मध्ये अर्थव्यवस्था सावरली, रस्ते भरले, खप वाढला. आणि हे उत्पन्न घसरून २ लाख ८७ हजार कोटींच्या घरात आलं. कारण नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये दर कमी केले. म्हणजे मंदीत उत्पन्न वर, तेजीत खाली. शाळेतलं अर्थशास्त्र वापरून अंदाज बांधणारा इथे दोन्ही वेळा तोंडावर पडला असता.

माझ्या स्कूटरचंही सांगतो. एमएच-०४ पाटीची, जानेवारी २००६ ची. जानेवारी २०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली, म्हणजे पाच वर्षांचा पर्यावरण कर दोन हजार रुपये. पण करोनामुळे गाड्यांच्या कागदपत्रांची मुदत सरकारच वाढवत होतं, शेवटी ऑक्टोबर २०२१ पर्यंत. मीही तेव्हाच गेलो आणि भरले. आता हा कर झाला २०२०-२१ चा, पण जमा दिसला २०२१-२२ मध्ये. माझ्यासारखे किती असतील! तक्ता बघणारा म्हणणार, वा, आर्थिक उभारी आली, पर्यावरण कर वाढला. अहो, उभारी कसली, थकबाकी आली. शिवाय त्या दोन वर्षांत नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती म्हणूनच तर जुनी ठेवली. जुन्या गाड्यांवरचा कर वाढतोय म्हणजे लोक हलाखीत आहेत, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो.

सगळ्यात ताजं सप्टेंबर २०२५ चं. जीएसटी परिषदेने कोळशावरचा टनामागचा ४०० रुपयांचा उपकर काढला आणि जीएसटी पाचाचा अठरा टक्के केला, २२ सप्टेंबरपासून. पुन्हा साधं गणित. टनाला १,००० रुपये किमतीचा हलका, राखाळ कोळसा घ्या. आधी कर ५० अधिक ४००, म्हणजे ४५०. आता १८०. टनाला ५,००० रुपयांचा चांगला कोळसा घ्या. आधी ६५०, आता ९००. हलक्या कोळशावरचा कर कमी, चांगल्यावरचा जास्त. आणि अंदाजही आता टनांवर नाही, किमतीवर चालणार. कोळसा महागला की उत्पन्न वाढलं, स्वस्त झाला की घटलं. धुराचा संबंध आणखी एक पायरी लांब गेला.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही. ब्रिटनमध्ये इंधन शुल्क २०११ पासून वाढलेलं नाही, उलट २०२२ मध्ये पाच पेन्सने घटवलं. पण सरकारी अंदाजात मात्र पुढच्या वर्षी ते महागाईप्रमाणे वाढेल असंच धरलेलं असतं. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी ८९ विजेवरच्या होत्या. योजना यशस्वी, पण मग करमाफी परवडेना, म्हणून २०२३ पासून महागड्या विजेच्या गाड्यांवर पुन्हा कर लावावा लागला. आपणही त्याच रस्त्यावर आहोत. २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेराचा तीन टक्के केला, मीरा रोडच्या रिक्षावाल्यांना बरं वाटलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात सीएनजी गाड्यांवर एक टक्का कर वाढवला. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के जाहीर केला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला. एक हात सवलत देतो, दुसरा हात चाचपडतो.

मग काय, पर्यावरण कर नकोच? मी तसं म्हणत नाही. मी दोन हजार भरले, पुन्हा भरीन. जो धूर करतो त्याने किंमत मोजावी, हे तत्त्व मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की या कराचा अंदाज मिठाच्या करासारखा बांधू नका. मंदीनंतर प्रत्येक वेळी तेच झालंय. खड्डा दिसतो, हिरव्या नावाचा दर वाढतो, पैसा येतो, नेहमीच्या खर्चात मुरतो, आणि मग तो पैसा येत राहावा म्हणून प्रदूषण चालू राहणं सरकारच्या सोयीचं होऊन बसतं. अंदाज बरोबर ठरतो आणि कर नापास होतो.

म्हणून आपल्या महापालिकेकडे, राज्याकडे साध्या मागण्या करायला हव्यात. एक, वृक्षकर असो की वाहनांचा पर्यावरण कर, गेल्या दहा वर्षांचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा शेजारी शेजारी छापा. अंदाजाला जमा म्हणू नका. दोन, रुपयांच्या शेजारी वस्तू मोजा. किती झाडं जगली, किती जुन्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, किती टन कोळसा जळला. वाढ दराची किती, थकबाकीची किती, वस्तूची किती, ते वेगळं दाखवा. तीन, पगार, कर्जाचे हप्ते, रोजची देखभाल या पैशावर टांगू नका. हा पैसा एक दिवस आटायला हवा, हे गृहीत धरूनच खर्च ठरवा.

आणि तुम्ही एक करा. घरपट्टीचं बिल काढा, वृक्षकराच्या ओळीवरचा आकडा बघा. आपल्या सोसायटीत किती घरं आहेत त्याने गुणा. मग गच्चीवर जाऊन खाली दिसणारी झाडं मोजा. वृक्षनिधीत किती शिल्लक आहे, गेल्या वर्षी त्यातून काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्ज मी लिहिलाय, उद्या देणार आहे. उत्तर येईल तसं इथे टाकीन.

शेजारच्या पोराला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही. तो म्हणाला होता, झाडं जास्त लावली की कर कमी व्हायला हवा ना? तेवढं त्याला कळलंय. अंदाजपत्रक करणाऱ्यांनाही कळावं.